एका कॅनीपुरती हवा

मित्रांनो, मी एक जुना ब्लोअर आहे. अहेरीच्या पुढे जंगलातल्या एका गावात, समाजमंदिराच्या खुंटीला मी टांगलेला असतो.

पेट्रोल घ्यायचे आणि हवा फेकायची, एवढ्यासाठीच कारखान्यात मला घडवले. मी आग विझवत नाही, तिच्या वाटेतला सुका पाला हटवतो. खायला मिळाले नाही की ती थांबते. ग्रामसभेने मला आणले तेव्हा माझ्यापुढे नारळ फुटला. पुढे पावसाळ्यात उंदरांनी माझा पट्टा कुरतडला. दोन्ही वेळी मला काही वाटले नाही.

गेल्या उन्हाळ्यात दूर कुठेतरी युद्ध चालू होते, म्हणून इकडे पेट्रोल मिळेना. ऊनही लवकर तापले. गावात पेट्रोलची एकच कॅन उरली होती. तरी इसरूने दरवर्षीसारखा मोहाखालचा पाला पेटवला. जमीन मोकळी झाली की फुले वेचायला सोपे जाते. पण वारा सुटला. आगीचे एक तोंड त्याच्याच मोहांकडे वळले, दुसरे पलीकडच्या टोल्याकडे, म्हणजे शेजारच्या वस्तीकडे.

कलाबाई ग्रामसभेच्या अध्यक्ष, इसरूच्या वहिनी. मोहाची झाडे दोघांच्या घरची, सामाईक. त्यांनी ती कॅन माझ्या टाकीत ओतली, मला पाठीवर घेतले आणि टोल्याची वाट धरली.

"वहिनी, आपले मोह जळून राह्यले! तिकडं काऊन चालल्या?"

"टोल्यात माणसं आहेत."

"बांबूसाठी भांडले तेच ना? त्याईचा मोठा पुळका आला तुमाले!"

"भांडले. पण आग कोणं लावली? त्याईनं का तुनं?"

 इसरू हळूच म्हणाला, "फुलं नाई तं खाऊ काय?"

"मले नाई माहीत. खराटा घे, पाला लोट."

टोल्याभोवती उघड्या मातीचा पट्टा तयार झाला. आग तिथवर आली आणि थांबली. तेवढ्यात माझी टाकी रिकामी झाली. मागे मोह जळतच होते. कलाबाई तिकडे पाहत उभ्या राहिल्या. मला खाली ठेवायचेही त्यांच्या लक्षात आले नाही.

यंदा गावात कुणी मोहाखाली काडी लावली नाही. सगळे खराट्याने झाडतात. इसरू सगळ्यांच्या आधी जातो. जळक्या खोडांखालचीही जमीन झाडतो. तिथे फुले पडत नाहीत.

मित्रांनो, मला पुसा, तेल द्या, पण खुंटीवरच राहू द्या. पाला आधीच झाडून ठेवा. कुणाला वाचवायचे, हे कलाबाईंना पुन्हा ठरवायला लावू नका.