अडीच दिवसांची पट्टी

मित्रांनो, मला जुनी म्हणावे, तर माझे कामाचे आयुष्य अवघे अडीच दिवसांचे. मी जखमेवर बांधायची पट्टी आहे. सध्या तिरोड्याजवळच्या एका गावात, उदेभानच्या अंगणातल्या दोरीवर लटकते आहे. बसलेल्या धक्क्यातून मी अजून सावरलेली नाही.

माझा जन्म एका लखलखीत कारखान्यात झाला. माझ्या धाग्याधाग्यांत चांदीचे कण बसवले, केसाच्या हजाराव्या भागाहूनही बारीक. जखमेच्या ओलाव्यात ते हळूहळू कामाला लागतात आणि जंतूंना मारतात. सगळे माझे कौतुक करत. मीही जरा फुशारले होते, खोटे कशाला बोलू?

उदेभानची बायको दुर्पता राईस मिलमध्ये कामाला. तिथल्या भट्टीतली धानाच्या कोंड्याची राख वरून थंड दिसते, पण आत निखारे असतात. एक दिवस तिचा पाय त्या ढिगात घोट्यापर्यंत गेला. दवाखान्यात रश्मी सिस्टरने मला तिच्या पावलावर बसवले आणि सात दिवस उघडायचे नाही, असे बजावले. दुर्पताला शुगर होती. जखम चिघळली तर पाय जाईल, हेही सांगितले.

मी जीव ओतून कामाला लागले. खाली कोवळी, गुलाबी कातडी धरू लागली होती. तिसऱ्या दिवशी दुपारी उदेभानने पाहिले, तर मी काळी पडले होते.

"पाय सडून राहिला तुहा," असे म्हणत त्याने मला ओढून काढले. कोवळी कातडी माझ्यासोबत आली. दुर्पता किंचाळली. त्याने जखमेवर बिडीचा तंबाखू दाबला. मला मात्र साबणाने चोळून दोरीवर वाळत घातले, पुन्हा कामी येईन म्हणून. त्याच्या मनात पाप नव्हते, हेच मला सहन होत नाही.

चार दिवसांत पाय सुजला, ताप चढला. रश्मी घरी आली. पट्टीत चांदी असते, ती काळी पडतेच, पाय सडला नव्हता, असे ती कळवळून सांगू लागली. दुर्पता तापातच उठून बसली.

"चांदी होती त्याच्यात? मंग आधी काऊन नाही सांगतलं, ताई? माहे जोडवे काळे पडते, तं का कोनी फेकून देते?"

रश्मीने तिथूनच गाडी बोलावली.

दुर्पताला गोंदियाच्या मोठ्या दवाखान्यात नेले. पाऊल वाचले, पण दोन बोटे कापावी लागली.

मित्रांनो, जखमेवरची पट्टी मनाने उघडू नका, आधी विचारा. आणि पट्टी बांधणाऱ्यांनो, ती काळी पडेल, एवढे एक वाक्य सांगूनच माणसाला घरी पाठवा. तेवढ्याने दुर्पताची बोटे राहिली असती.