मी शिवदासचा कॅमेरा

मी कॅमेरा आहे, मित्रांनो, आणि आता बराच जुना झालो आहे. माझ्या अंगावरचे काळे कातडे एका बाजूने सुटले आहे. रोल पुढे सरकवला की माझ्या पोटात कुरकुर होते. तरी माझी कीव करू नका. गोव्यातल्या डिचोलीच्या एका परसात मी जे पाहिले आणि टिपले, त्याचा मला आजही अभिमान वाटतो.

माझा जन्म दूर जपानमधल्या कारखान्यात झाला. मुरगाव बंदरातून बोटीवर जाणाऱ्या यशवंत नावाच्या खलाशाने मला तिथल्या एका दुकानातून घेतले. सुटीवर आल्यावर तो आपल्या बहिणीकडे, गंगाकडे, डिचोलीला आला. तिच्या नवऱ्याच्या मांडीवर मला ठेवून तो म्हणाला, "भावोजी, ह्यो तुमका. दिवसभर बसान काय करतलात?"

हे भावोजी म्हणजे शिवदास. तो मूळचा दोडामार्गाकडचा. खाणीवरचा माल ट्रकने नदीच्या धक्क्यावर पोचवण्याचे काम करी. त्याच्याइतक्या खेपा कोणी मारत नसे, म्हणून त्याचे नाव होते. पण मी येण्याआधीच्या पावसाळ्यात उतारावर त्याचा ट्रक उलटला आणि उजवा पाय मोडला. हाड जुळले. डॉक्टरांनी बजावले, की कुबड्या घेऊन रोज चालायला हवे, नाहीतर पाय कायमचा आखडेल. शिवदास एकदा उठला, चार शेजाऱ्यांच्या देखत पडला, आणि त्या दिवसापासून कुबड्या दाराआड गेल्या. मागच्या दारी खुर्ची टाकून तो बसून राही. गंगा अबोलीचे वळेसर, म्हणजे गजरे, करून बाजारात विकायला जाई. घर तिच्यावर चाले आणि हेच त्याला सलत असे. त्यामुळे तो कोणाशी धड बोलत नसे.

मीही त्याच्या मांडीवर नुसताच पडून असे. मग एका सकाळी खुर्चीजवळच्या जास्वंदीवर एक पान हलले. वारा तर अजिबात नव्हता. शिवदासने वाकून पाहिले. ते पान नव्हते, हिरवा लांबट किडा होता. पुढचे दोन पाय छातीशी जोडून तो पूजेला बसल्यासारखा बसला होता. त्याने आपले तिकोनी तोंड वळवले आणि सरळ शिवदासकडे पाहिले.

"गंगा, ह्या बघ. ह्या माका बघता."

"नाकतोडो असतलो," गंगा आतून म्हणाली.

"नाकतोडो अशी मान वळवता काय?"

मित्रांनो, तो प्रार्थना कीटक होता. नावाने तो भाविक असला तरी पक्का शिकारी असतो. तासन्‌तास निश्चल बसतो, कधी पानासारखा हलकेच डोलतो, आणि पानावरची अळी टप्प्यात आली, की जोडलेले हात असे सुटतात, की अळीला कळायच्या आत ती पकडली जाते. शिवदासने ते पाहिले आणि पहिल्यांदा मला डोळ्याला लावले.

पहिला रोल पार वाया गेला. जवळच्या साखळी गावात गुरुदासचा फोटो स्टुडिओ होता. रंगीत रोल तो पणजीला धुवायला पाठवी. फोटो आले तेव्हा त्याने ते गंगापुढे पसरले. "वयनी, हें कितें? सगळें पाचवें धुकें."

खरेच, हिरव्या धुक्यापलीकडे त्यात काही दिसत नव्हते. गंगा म्हणाली, "धुक्यात काय आसा, ता तेंका ठावक."

गुरुदास हसला नाही. लेन्स आणि माझे अंग यांच्यामध्ये बसवायची एक कडी त्याने तिच्याजवळ दिली. त्या कडीमुळे मला अगदी जवळचे दिसू लागले. सोबत निरोपही दिला, की श्वास सोडून झाल्यावर बटण दाबायचे, नाहीतर जवळचे चित्र हलते.

त्या हिवाळ्यात गोव्याची राजभाषा कोकणी की मराठी, यावरून मोठा वाद पेटला होता. रस्ते बंद पडले, साखळीची बस थांबली आणि रोल मिळेनात. समोरच्या सोप्यावर शेजारी हातवारे करून भांडत. शिवदासचे तिकडे लक्ष नसे. तो मला रिकामाच डोळ्याला लावी, श्वास सोडी आणि बटण दाबी. ज्याला वाटेत बैलगाडी आडवी आली तरी धीर धरवत नसे, तो माणूस आता एका किड्याचे डोलणे थांबण्याची वाट पाहत होता. माझ्यामुळे त्याला हे जमले असे मी म्हणणार नाही. त्या किड्याने त्याला शिकवले आणि मी सोबत होतो.

रस्ते सुरू झाल्यावर आलेल्या रोलमध्ये पहिला स्वच्छ फोटो निघाला. मांजर पंजा चाटते तसा तो कीटक आपला पाय साफ करत होता. पायावरचे काटेसुद्धा मोजता आले असते. गंगाने तो फोटो देवांच्या तसबिरींच्या रांगेत लावला. मला किती आनंद झाला म्हणून सांगू!

शिगमो, म्हणजे गोव्याचा शिमगा, झाला आणि परसात एक मोठी मादी दिसू लागली. तिचे पोट फुगले होते. रोज थोडी थोडी सरकत ती जास्वंदीवरून अबोलीवर, तिथून विहिरीपलीकडच्या कुंपणावर गेली. खुर्चीतून ती दिसेना. शिवदास बेचैन झाला.

"तिका काठयेर बसवन हंय हाड," तो गंगाला म्हणाला.

गंगा फुलांची टोपली भरत होती. ती म्हणाली, "ती आपल्या मनान थंय गेली. तिका मी हलवचंय नाय. तुमका फोटो व्हयो, तर तुमी जावा."

तिने दाराआडच्या कुबड्या काढल्या, त्याच्या खुर्चीला टेकवून ठेवल्या आणि मागे न बघता बाजाराला निघून गेली.

शिवदास बराच वेळ त्या कुबड्यांकडे रागाने बघत बसला. मग त्याने मला गळ्यात अडकवले आणि उठला. वाट थोडीच होती, पण उताराची आणि चिऱ्यांची. त्याची छाती धडधडत होती, मला ती जवळून ऐकू येत होती. विहिरीपाशी कुबडी घसरली आणि तो पडला. पडताना त्याने अंग वळवले, म्हणून मी त्याच्या खाली चिरडलो नाही. तरी माझा एक कोपरा चिऱ्यावर आपटला आणि तिथे पोचा पडला. जमिनीवर बसूनच त्याने आधी माझे बटण दाबून पाहिले. मी 'खट्' केले. मी शाबूत आहे हे कळल्यावर तो विहिरीच्या कठड्याला धरून पुन्हा उठला.

कुंपणाच्या काठीवर ती मादी उलटी लटकली होती. तिच्या पोटातून साबणासारखा फेस येत होता आणि त्या फेसाचे ती अंड्यांसाठी घर बांधत होती. शिवदासने एक कुबडी काखेत घट्ट धरली आणि दुसरीच्या टोकावर मला टेकवले. माझे अंग इतके स्थिर कधीच नव्हते. त्याने श्वास सोडला आणि बटण दाबले.

त्यानंतर तो रोज कुंपणापर्यंत जाऊ लागला. फेस वाळून तपकिरी, टणक झाला होता. काही आठवड्यांनी एका सकाळी त्यातून मुंगीएवढी पिल्ले धाग्यांना लोंबकळत बाहेर पडली आणि कुंपणभर पांगली. तोही फोटो आम्ही काढला. तोवर शिवदास एका काठीवर चालत होता.

गुरुदासने पिल्लांचा तो फोटो मोठा करून घेतला. गोवा राज्य झाल्याचा उत्सव साखळीत साजरा होत होता, त्या दिवशी त्याने तो स्टुडिओच्या काचेत लावला. लोक थांबून बघत. खाली किड्याचे नाव कोकणीत लिहायचे की मराठीत, यावर तिथेही दोघे हुज्जत घालू लागले. शेवटी शिवदासने सांगितले, "नाव ऱ्हवांदे. 'आमच्या परसातली पोरां' असां लिव." ते दोघांनाही आपल्याच बोलीतले वाटले आणि पटले.

एका म्हाताऱ्याने विचारले, "कोणी काढल्यान ह्यो फोटो?"

गंगा नवऱ्याकडे बघून म्हणाली, "ह्येंनी. चलत जावन."

मित्रांनो, पुढे शिवदास गुरुदासच्या स्टुडिओत कामाला लागला. त्याच्या हातून मी कितीतरी लग्ने आणि मुंजी टिपल्या. मग नवे कॅमेरे आले, पाठोपाठ मोबाईल आले, आणि मी कपाटात गेलो. आमच्या दमट हवेत माझ्या काचेवर बुरशी चढली. मला कोणी फेकले नाही, पण कोणी उघडलेही नाही. जपून ठेवलेला आणि विसरलेला यांत फार फरक नसतो, हे मी तिथे शिकलो.

यंदा शिवदासची नात सेजल हिने मला बाहेर काढले आणि काच साफ करून आणली. तिने मला शाळेत दाखवायला नेले, तेव्हा तिथल्या बाई मला शोकेसमध्ये ठेवायला निघाल्या. म्हातारा शिवदास स्वतः शाळेत गेला आणि त्यांना म्हणाला, "बाई, काचेआड ठेवशात तर ह्यो मरतलो. पोरांच्या हातात देवा."

तेव्हा मित्रांनो, बागेत हात जोडून बसलेला हिरवा पाहुणा दिसला, तर चप्पल उचलू नका, औषध फवारू नका. शेजारी जरा बसा. घरातली जुनी वस्तू दिसली, तर ती नुसती पुसून परत ठेवू नका, कामाला लावा.

आज सकाळी सेजलने माझ्यात नवा रोल भरला आहे, आणि शाळेच्या बागेत मुले माझ्यासाठी रांग लावून उभी आहेत.