सात दसऱ्यांची भेग

टाकी फुटल्यावर नवव्या दिवशी मी तपासणीसाठी कल्लूरच्या पंपहाऊसवर पोचलो, तेव्हा खात्याने कारण आधीच ठरवून ठेवलं होतं: ऑपरेटरची हयगय. मेलेला माणूस उलट बोलत नाही, म्हणून असली कारणं फार लवकर सापडतात. मी फक्त सही करायची होती. माझं डोकं तिथेच फिरलं.

तुंगभद्रेचं पाणी चौदा गावांना चढवणारी ही पाइपलाइन. पंपांशेजारी दोन मजली उंच लोखंडी टाकी. खाली पाणी, वर दाबलेली हवा. वीज गेली की पंप एकदम थांबतात, पाइपातलं पाणी माघारी येऊन धडकतं आणि ती धडक टाकीतली हवा पोटात घेते. त्या दुपारी वीज गेली आणि टाकीच फाटली. पत्र्याचा तुकडा भिंत फोडून ऑपरेटर मुत्तुराजच्या अंगावर गेला. नोकरीला लागून तीन वर्षं झाली होती त्याला. खातं म्हणे, त्याने टाकीत हवाच भरली नव्हती. गावं नऊ दिवस कोरडी, लोक त्याच्या नावाने बोटं मोडत होते. त्याच्या मातीला चार माणसंही धड आली नाहीत.

हे मला त्याच्या बापाने, हनमप्पाने सांगितलं. याच पंपहाऊसवर तीस वर्षं वेल्डर होता, आता निवृत्त.

"सायबरे, पोरगा आळशी होता, मान्य. जेवला की घोरायचा. पण हवेचा काटा बघितल्याबिगर चहाला हात लावायचा नाही."

"हे बघा अण्णा, मी पत्रा वाचतो. पत्रा सांगेल ते लिहीन, कुणाची भीड धरणार नाही."

"तेवढंच पाहिजे मला."

फाटलेल्या पत्र्याच्या कडेवर बाणासारख्या बारीक रेघा उठतात. फाट जिथून निघाली तिकडे त्यांची टोकं असतात. रॉकेल आणि ब्रश घेऊन आम्ही दोघे त्या रेघांच्या मागे सरकत गेलो. म्हाताऱ्याची नजर अजून पक्की होती. दोनदा मी चुकलो तर त्यानेच मला मागे आणलं.

रेघा एका जागी संपल्या. बाकी कड चकचकीत राखाडी, पण इथे चार बोटं रुंद पट्टा गंजून काळा पडलेला. म्हणजे ही भेग जुनी. चाकूने खरवडलं तर आतून रंग निघाला. वर निळा, त्याखाली पिवळा, असे थरावर थर, तळाशी हिरवा. दर दसऱ्याच्या आयुधपूजेला टाकी रंगवायची इथली पद्धत, आणि रंग भेगेत झिरपत गेला होता.

"हिरवा कधी दिला होता?"

हनमप्पाने बोटं मोजली. "सात दसरे झाले."

"मुत्तुराज तेव्हा कुठे होता?"

"होसपेटला, गॅरेजात."

"मग सुटला तुमचा मुलगा. हवा भरलेली असो नसो, ही टाकी आज ना उद्या फुटणारच होती."

तो रडला, हसला, त्याने माझ्या पाठीत जोरात थाप मारली. मग डोळे पुसत म्हणाला, "पण भेग पडली कशानं?"

मी आणखी खरवडलं. रंगाखाली वाकवलेल्या सळईचा तुकडा निघाला. कुणीतरी टाकीला कडी वेल्ड केली होती. अशा टाकीला मागाहून वेल्डिंगचा टाका मारायचा नसतो; त्याच्या कडेला लोखंड ठिसूळ होतं, आणि दर धडकेला केसभर भेग पुढे सरकते.

"कोण हा गाढव!" मी ओरडलो. "दाबाच्या टाकीला कडी डकवतो! ह्यानेच मारलं तुमच्या पोराला."

 टाक्यावरून हनमप्पाने अंगठा फिरवला. वेल्डरला आपला टाका अक्षरासारखा ओळखू येतो.

"आयुधपूजेला टाकीवरचा हार घसरायचा," तो म्हणाला. "मोठे साहेब येणार होते. मी म्हटलं, दोन मिनिटांचं काम."

मला जीभ चावावीशी वाटली. मी म्हणालो, "अण्णा, 'जुनं वेल्डिंग, कुणी केलं माहीत नाही' एवढंच लिहितो. मुलगा त्यातही सुटतो."

"नाही सुटत. माहीत नाही लिहिलंत तर गाव म्हणेल, मुत्तूनंच केलं असेल, वेल्डरचाच पोरगा. माझं नाव लिहा."

मी लिहिलं. 

तेवढ्यात त्याची सून, मुत्तुराजची बायको रेणव्वा, त्याच्यासाठी रोट्या घेऊन आली. नऊ दिवसांत तिच्याशी कुणी धड बोललं नव्हतं. माझ्या हातातला कागद बघून ती दारातच थांबली.

"मामा, ह्यांची चूक होती का?"

"नाही, तायी. साहेबांनी तसं लिहून दिलंय."

तिथेच बसून ती पदरात तोंड घालून रडली. मग तिने डोकं वर केलं.

"मग कुणाची?"

"माझी," हनमप्पा म्हणाला.

तिला वाटलं, म्हातारा दुःखाने भ्रमिष्टासारखा बोलतोय. "असं नका बोलू, मामा," म्हणत तिने आपल्या पदराने त्याचे डोळे पुसले.

त्याला ते पुन्हा सांगावं लागलं.