माझ्यात रांग लागली नाही

मी भोरच्या एका कॉलेजातल्या प्रयोगशाळेतली काळी गोळी बोलतेय. शर्टाच्या गुंडीएवढी. निओडिमियम, स्ट्रॉन्शियम आणि मँगनीज यांच्या ऑक्साइडचे बारीक स्फटिक माझ्यात ठासून भरलेत. खरं तर मला तोंड दाखवायला जागा नाही.

आमच्यासारख्यांना थंडीत शिस्त येते. मँगनीजच्या काही अणूंकडे एक इलेक्ट्रॉन जास्त असतो. उबेत ते जादा इलेक्ट्रॉन या अणूवरून त्या अणूवर उड्या मारतात. कडाक्याच्या थंडीत मात्र एकाआड एक जागा धरून रांगेत बसतात, त्यांची कक्षकं, म्हणजे वावरायच्या जागाही, ठरल्या दिशांना वळतात. मग वीज अडते आणि विजेच्या रोधाच्या आलेखाची रेघ एकदम वर चढते. मात्र निओडिमियम आणि स्ट्रॉन्शियम अगदी निम्मे-निम्मे हवेत.

मला घडवलं विंझर गावच्या साधना नावाच्या मुलीनं, एमएस्सीच्या प्रकल्पासाठी. भर पावसाळा होता. निओडिमियमची पूड हवेतलं पाणी ओढते, म्हणून आधी तापवून मगच तोलायची, असं सरांनी बजावलं होतं. मैत्रीण मंगलनं आठवणही करून दिली.

"झाकण घट्ट हाय की," साधना म्हणाली. "आमच्या घरी मिठाची बरणी अशीच कोरडी ऱ्हाती."

तिनं दमट पूड तशीच तोलली. काट्यानं पाणीसुद्धा निओडिमियम म्हणून मोजलं, आणि माझ्यात निओडिमियम निम्म्याहून कमी पडलं. पुढं प्रयोगशाळेची भट्टी सांभाळणाऱ्या धनाजीकाकांनी दोन दिवस भट्टीजवळून न हलता मला भाजलं.

चाचणीला मला द्रव नायट्रोजननं गारठवलं. मी जिवाचा आटापिटा केला, पण रांग काही लागेना. रेघ कुठंही न चढता निघून गेली.

"धनाजी, भट्टीकडं लक्ष नव्हतं तुमचं!" सर सगळ्यांसमोर कडाडले. त्याच दिवशी काकांची भट्टी काढून घेतली आणि त्यांना भांडी धुवायला बसवलं. साधना मान खाली घालून गप्प राहिली. मीही गप्पच. शरमेनं मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्याकाळी काका तिच्यापुढं हात जोडून उभे राहिले. "ताई, म्या हललो बी न्हाई तिथनं. पण सर म्हन्त्यात तर आसंल चुकलं. माफ करा."

"जाऊ द्या, काका," ती म्हणाली. माफीसुद्धा तिनंच दिली!

तिनं पूड तापवून दुसरी गोळी केली. ती बरोबर निघाली, साधना पहिल्या वर्गात पास झाली. मी अजून प्रयोगशाळेतल्या टेबलाच्या खणातच आहे. काका खण पुसताना मला तळहातावर घेतात. "ही माझ्या हातनं बिघडली," असं नव्या पोरांना सांगतात.

साधना, मला तोंड नाही. तुला आहे गं!