ऑगस्टमधली चाचणी

"मघाशी पाच शब्द सांगितले होते. आठव बघू," संघाचे डॉक्टर पुस्तीनेन म्हणाले.

सामुली वेन्तोलाने डोळे मिटून घेतले. बाहेरच्या बर्फावरचे फेब्रुवारीचे ऊन त्याला सोसत नव्हते. "शिडी," तो म्हणाला. बऱ्याच वेळाने, "घोडा." मग काहीच नाही.

डॉक्टरांनी ऑगस्टमधली नोंद उघडली. "तेव्हाही दोनच. म्हणजे होतास तसाच आहेस. उद्यापासून सरावाला ये."

बारा दिवसांपूर्वीच्या आइस हॉकीच्या सामन्यात त्याचे डोके मैदानाच्या कठड्यावर आपटले होते. हंगामापूर्वी प्रत्येक खेळाडूची स्मरणशक्ती तपासावी, डोक्याला मार बसल्यास पुन्हा तपासावी, आणि गुण घटलेल्याला विश्रांती द्यावी, अशी ही योजना. तिच्यात न्यून काढणे कठीण होते; माणसे खरे बोलतील, एवढेच तिने गृहीत धरले होते.

खेळाडूंची विद्या निराळी होती. दर ऑगस्टमध्ये सौनाच्या, म्हणजे वाफेच्या खोलीतल्या, बाकावर जुने लोक ती नव्यांना देत, आणि गेली काही वर्षे हे अध्यापन सामुलीकडेच होते. "पाच आठवले तरी दोनच सांगायचे रे. पुढं डोकं फुटलं तरी दोन कुठं जात नाहीत." सगळे खदखदून हसत. चौदा हंगाम, एकोणीस गोल. गोलाकडे सुटलेल्या चकतीपुढे अंग झोकून देणे हेच त्याचे काम. अशा माणसाची जागा एका आठवड्यात भरली जाते, हे त्याला ठाऊक होते.

"डॉक्टर, ऑगस्टमध्ये मी खोटं बोललो. पाचही येत होते मला."

"सगळेच बोलतात."

"मग तसं लिहा की."

"काय लिहू? तेवीसच्या तेवीस चाचण्या खोट्या? घेतल्या कुणी, तर मीच. आणि खाली तुझी सही आहे, उत्तरं प्रामाणिकपणे दिली म्हणून."

"मुलीनं चमचा ठेवला तरी डोक्यात घण बसतो. काल घरचा रस्ता चुकलो मी."

"ते आकड्यांत दिसत नाही ना, सामुली." डॉक्टरांना खरोखरच वाईट वाटले. वाईट वाटण्यास नियमांची आडकाठी नव्हती.

"दुसऱ्या डॉक्टरला दाखवतो."

"दाखव. तोही ऑगस्टचे गुण माझ्याकडूनच मागवणार."

"आणि नाहीच खेळलो तर?"

"तर धडधाकट माणसानं करार मोडला, असं होईल."

बाहेर त्याची बायको हेन्ना गाडीत बसून होती. हल्ली तीच गाडी चालवी.

"काय म्हणाले?"

"बरा आहे म्हणाले."

"सगळं सांगितलंस ना पण?"

"सगळं सांगितलं."

चावी फिरवायला तिला वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता तो बर्फावर उतरला. "आला रे म्हातारा," गोलरक्षक ओरडला. "आम्हाला वाटलं, पेन्शन घेऊन मासे धरत बसलास." दुखापतीतून परतलेल्याला मान देण्याची त्यांची एक जुनी रीत आहे. बावीस जण त्याच्याभोवती गोल करून उभे राहिले आणि आपापल्या काठ्या बर्फावर आपटू लागले. प्रेमाने, पूर्ण ताकदीनिशी.

सामुलीने रीतीप्रमाणे हात उंचावला, आणि आवाज थांबेपर्यंत तसाच धरून ठेवला.