नंतर कळवण्यात येईल

२००१ साल होतं, फेब्रुवारीतली एक सकाळ. वेस्टरक्लिट गावच्या कचेरीत टायपिंग करता करता बोदिल थांबली. उजवं मनगट डाव्या हातात धरून ती म्हणाली, "हा हात आता कुणीतरी कापूनच टाका."

"टाकू की," समोरच्या टेबलावरून मेरेटे म्हणाली. "पण आधी जुलैचे करारनामे संपव."

"तुला चेष्टा सुचतेय?"

"दोन दिवस कळ काढ गं. तुझ्यासाठी एक गंमत करतेय."

समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्यांमधली सुट्टीची घरं भाड्याने देण्याचं काम त्या कचेरीत चाले. मालक होल्गर. बोदिल, मेरेटे आणि यूटे या तिघी कामाला. पूर्वी माणसं फोन करत, पत्रं लिहीत. मग होल्गरच्या पुतण्याने वेबसाइट करून दिली आणि लोक तिथे फॉर्म भरू लागले. नाव, पत्ता, कुठलं घर, कुठला आठवडा, कुत्रा आहे की नाही, हे सगळं एका ई-मेलमध्ये ओळीखाली ओळ होऊन येई. बोदिल तो ई-मेल उघडे, त्यातलं एकेक वाचून करारनाम्याच्या मसुद्यातल्या रिकाम्या जागांमध्ये पुन्हा टाइप करी, कागद छापी, घडी घालून पाकिटात घाली. हिवाळ्यात शेजारच्या अर्ध्या जर्मनीला उन्हाळ्याची आठवण येते, त्यामुळे जानेवारीपासून ई-मेलचा नुसता पाऊस पडे. बोदिलचं मनगट सुजून कोपराइतकं जाड झालं होतं.

मेरेटे त्या हिवाळ्यात गावच्या संध्याकाळच्या शाळेत कॉम्प्युटर शिकायला जात होती. बाकीच्या बायका तिथे टोपल्या विणायला जात. तिथेच तिने एक स्क्रिप्ट, म्हणजे कॉम्प्युटरने पाळायच्या सूचनांची यादी, लिहिली. फार काही मोठं नव्हतं ते. आलेला ई-मेल वाचायचा, 'नाव' या शब्दापुढचं उचलून मसुद्यातल्या नावाच्या जागी ठेवायचं, 'घर' या शब्दापुढचं घराच्या जागी. एखादी जागा रिकामी राहिली तर तिथे 'नंतर कळवण्यात येईल' असं आपोआप छापायचं. कारण घराच्या किल्लीच्या पेटीचा आकडा नेहमीच मागाहून ठरे आणि तिथे मोकळी जागा दिसली की जर्मन माणसं घाबरून फोन करत.

दोन दिवसांनी मेरेटेने बोदिलला खुर्चीवरून उठवलं, एक बटण दाबलं आणि प्रिंटरमधून करारनामे एकामागून एक बाहेर पडू लागले. बोदिल बघतच राहिली. मग तिने दुखऱ्या हातानेच मेरेटेच्या गालाचा चिमटा घेतला. "चेटकीण आहेस तू!"

नेमका त्याच वेळी होल्गर आत आला.

"हे आपोआप चाललंय?"

"आपोआप," मेरेटे म्हणाली.

"इथे बसायला कुणी लागत नाही?"

मेरेटेचा चेहरा तेव्हा कौतुकाने फुलला होता. आयुष्यात पहिल्यांदा तिने असं काहीतरी केलं होतं, जे गावात कुणालाच येत नव्हतं. ती हसून म्हणाली, "कागद संपला तर घालायला लागेल कुणीतरी."

होल्गरही हसला. बोदिलही हसली.

मार्च संपता संपता बोदिलच्या हातात नोटीस पडली. इतकी वर्षं काढलेल्या माणसाला आमच्याकडे सहा महिने आधी सांगावं लागतं. म्हणजे सप्टेंबरअखेरपर्यंत बोदिल त्याच खोलीत, त्याच टेबलाशी, मेरेटेच्या समोर बसणार होती.

या दोघींची ओळख नुसती कचेरीतली नव्हती. एकाच रस्त्यावर समोरासमोर घरं. आमच्याकडे वाढदिवसाला अंगणात देशाचा झेंडा चढवतात. बोदिलच्या अंगणात झेंड्याचा उंच खांब होता, मेरेटेच्या नव्हता. म्हणून मेरेटेचा वाढदिवस आला की सकाळी बोदिल आपल्या अंगणात झेंडा चढवी. सूर्य मावळायच्या आत तो उतरवताना मेरेटे पलीकडून धावत जाई आणि दोघी दोन टोकं धरून त्याची घडी घालत. झेंडा जमिनीला टेकू द्यायचा नाही, म्हणून ते दोघींचं काम. मग बोदिलच्या स्वयंपाकघरात कॉफी. दोन हिवाळ्यांपूर्वी बोदिलचा नवरा विगो गेला, तेव्हाही दुखवट्यासाठी तो झेंडा अर्ध्यावर चढवायला मेरेटेच होती.

नोटिशीच्या दुसऱ्या दिवशी बोदिलने सगळ्यांना कॉफी ओतली आणि मेरेटेचा कप तसाच उपडा ठेवला.

"बोदिल, मला?"

"तुझं ते यंत्र कॉफीशिवाय चालतं ना? मग तूही चाल."

यूटे फिसकन हसली. यूटेची जीभ मुळातच तिखट, त्यात आता तिला स्वतःच्या नोकरीचीही भीती वाटत होती. "मेरेटे, तुझ्या त्या लेकराला विचारून ठेव हं, मला कधी खाणार ते. म्हणजे मी आधी केस तरी करून घेईन."

मेरेटे होल्गरकडे गेली. "मी ते बंद करते. पुसून टाकते."

"पूस की. पण असं होऊ शकतं हे मला कळलंय, ते कसं पुसशील? उद्या माझा पुतण्या करून देईल."

"मग माझी नोकरी अर्धी कर. अर्धी तिला दे."

"मेरेटे, ही कचेरी आहे. केक नाही, कापून वाटायला."

हे बोदिलच्या कानावर गेलंच. दुपारी डबा खायच्या वेळी तिने राय-पावाचा तुकडा ताटलीत ठेवला आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "अर्धी नोकरी देणार होतीस म्हणे मला? आधी अख्खी काढून घ्यायची, मग अर्धी दान करायची. देवळात का नाही जाऊन बसत तू?"

"अगं, तुझा हात दुखत होता म्हणून केलं मी."

"हात माझा होता. दुखला तर दुखला. तुला कुणी सांगितलं होतं?"

खरं म्हणजे बोदिलने कधीच सांगितलं नव्हतं.

तो उन्हाळा असा गेला. शुक्रवारी पाव आणायची पाळी मेरेटेची असली की खसखस लावलेले ताजे पाव टोपलीत तसेच राहत आणि सोमवारी ती ते पक्ष्यांना घाली. रस्त्यात समोरून बोदिल आली की सायकलची घंटा वाजे, पण मान वळत नसे. प्रिंटर मात्र बिनबोभाट चालू होता. मेरेटेला त्याचा आवाज ऐकवेनासा झाला.

सप्टेंबरच्या शेवटच्या शुक्रवारी बोदिलचा निरोप समारंभ ठरला. आमच्याकडे गाण्याशिवाय निरोप होत नाही. कुणीतरी जुन्या चालीवर त्या माणसाच्या आयुष्याचं गाणं रचायचं, त्याच्या प्रती छापायच्या आणि सगळ्यांनी मिळून म्हणायचं. त्या कचेरीत गाणी मेरेटेच रचायची. बोदिलच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली तेव्हाचं गाणंही तिचंच, विगो ते ऐकून रडला होता. पण या वेळी बोदिलने यूटेला बजावलं होतं, "तिच्या हातचं एक अक्षर नको मला."

आता यूटेला गाणं कुठलं रचता येतंय? तिने आदल्या वर्षी निवृत्त झालेल्या हिशेबनीसबाईंचं, मेरेटेनेच लिहिलेलं गाणं काढलं. बाईंचं नाव, वर्षं, गाव, नवऱ्याचं नाव पुसून तिथे रिकाम्या जागा केल्या आणि तो कागद मसुद्याच्या जागी ठेवला. मग बोदिलची माहिती भरून स्वतःलाच एक ई-मेल पाठवला आणि बटण दाबलं. मेरेटेच्या हातचं नको होतं ना, मग हे कुणाच्याच हातचं नाही. यूटेला ही युक्ती फार आवडली. नवऱ्याच्या नावापुढे तिने काहीच लिहिलं नाही. गेलेल्या माणसाचं नाव कशाला, एवढा विचार तिने केला. छापलेला कागद वाचून बघायचा विचार मात्र केला नाही.

टेबलावर खारवलेले हेरिंग मासे होते, चीज होतं, श्नॅप्सच्या कडक दारूचे छोटे पेले होते. होल्गरने भाषण केलं, त्यात 'कुटुंब' हा शब्द पुन्हा पुन्हा आला. बोदिलची मुलगी लोने कोपनहेगनहून आली होती. सगळ्यांनी कागद हातात घेतले आणि जोरात गायला सुरुवात केली. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. मग तिसरं आलं:

आता सकाळी घाई नाही, कॉफी निवांत होईल,
समोरच्या खुर्चीत बसून हसेल नंतर कळवण्यात येईल.

चालीत ते इतकं नीट बसलं की सगळे ते गाऊन गेले. अर्थ मागाहून पोचला. कुणाचा तरी पेला टेबलावर आपटला. पाठीमागे कुणाला तरी हसू फुटलं आणि तसंच गिळलं गेलं. आवाज एकेक करून बंद पडले. गात राहिली ती एकटी बोदिल. कागद डोळ्यांसमोर ताठ धरून तिने चौथं कडवं म्हटलं, पाचवं म्हटलं, शेवटचा जयजयकारही एकटीने केला.

मग कागदाची घडी घालत ती मेरेटेसमोर येऊन उभी राहिली.

"एक अक्षर नको म्हटलं होतं मी."

"बोदिल, हे मी..." मेरेटेने यूटेकडे पाहिलं. यूटेने डोळे हेरिंगच्या ताटलीत घातले होते. तिचे कान लालभडक झाले होते. यूटे एक शब्द बोलली असती तर मेरेटे सुटली असती. पण गाण्यातले शब्द मेरेटेचेच होते, रिकामी जागा भरायची रीतही तिचीच. तिने यूटेचं नाव घेतलं नाही.

"विगोचं पण नंतर कळवणार तू मला?" बोदिल म्हणाली. तिने कोट घातला आणि लोनेचा हात धरून ती निघून गेली.

ऑक्टोबरात मेरेटेला पन्नास वर्षं पूर्ण झाली. सकाळी ती स्वयंपाकघराच्या खिडकीशी पाव कापत उभी होती. पाहुणे यायचे होते. समोरच्या अंगणात बोदिल आली. तिच्या काखेत झेंडा होता. मेरेटेच्या हातातली सुरी थांबली. झेंडा दोरीला लागला, सरसर वर गेला, टोकाला पोचला. मेरेटेने एप्रनला हात पुसले, दाराकडे वळलीसुद्धा. आणि मग झेंडा खाली येऊ लागला. बरोबर अर्ध्यावर थांबला. बोदिलने दोरी बांधली, गाठ दोनदा ओढून पाहिली आणि घरात गेली.

रस्त्यावरच्या सगळ्या घरांतून तो दिसत होता. फोन वाजू लागले.

"मेरेटे, समोर कोण गेलं गं?"

"कुणी नाही. माझा वाढदिवस आहे."

त्यानंतर दर ऑक्टोबरात ते तसंच झालं. पाऊस असो, वादळ असो, बोदिल रेनकोट घालून बाहेर येई. गावाला सवय झाली. नवीन येणाऱ्यांना लोक सांगत, आज मेरेटेचा वाढदिवस.

पुढे होल्गरने कचेरी एका मोठ्या कंपनीला विकली आणि तो स्पेनला जाऊन राहिला. तिथे त्याने गुडघे बदलून घेतले म्हणतात. यूटेला वर्षभरातच काढलं. ती बेकरीच्या दुकानात उभी राहू लागली आणि मेरेटेला पाव देताना मोड कधी हातात न देता काउंटरवर टाकी. गाण्याबद्दल तिने कुणालाच काही सांगितलं नाही. मेरेटे एकटी प्रिंटरशेजारी बरीच वर्षं बसली. मग करारनामे छापणंच बंद झालं. तिच्या शेवटच्या दिवशी गाणं नव्हतं. दिवा बंद करून ती सायकलने घरी आली. बोदिलने वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात काम धरलं होतं. मनगट बरं झालं होतं आणि ते कुणामुळे, हे तिच्यासमोर काढायची कुणाची हिंमत नव्हती.

२०१३ च्या ऑक्टोबरात खांब रिकामाच राहिला. मेरेटे सकाळभर खिडकीत उभी होती. दुपारी न राहवून तिने रस्ता ओलांडला. फाटकाला हात लावला तेवढ्यात बोदिल खिडकीत दिसली. वाळून काठी झाली होती. दोघींची नजरानजर झाली आणि बोदिलने पडदा ओढला.

फेब्रुवारीत ती गेली.

अंत्यविधीच्या सकाळी लोने अंगणात दोरीशी झटापट करत होती. कोपनहेगनच्या चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या माणसाला झेंड्याची गाठ कुठून येणार? मेरेटे पलीकडून आली. "सोड, मी करते."

"आई म्हणायची, तुम्हाला या खांबाला हात लावू द्यायचा नाही."

"ठाऊक आहे मला."

लोने दोरी सोडून बाजूला झाली. मेरेटेने झेंडा टोकापर्यंत नेला आणि अर्ध्यावर आणून बांधला. प्रार्थनाघरात ती शेवटच्या बाकावर बसली. परत आल्यावर, दफनाची माती पडली की दुखवटा संपला म्हणून करतात तसं, तिने गाठ सोडली आणि झेंडा पूर्ण वर नेला. पश्चिमेच्या वाऱ्यात तो फडफडू लागला.

लोने संध्याकाळच्या गाडीने जायची होती. ती निघून गेली. सूर्य टेकड्यांमागे उतरू लागला तशी मेरेटे पुन्हा आली आणि दोरी सैल केली. वारा सुटला होता. झेंडा हातात येताच सगळीकडून निसटू पाहत होता. दुसरं टोक धरायला कुणी नव्हतं. तिने एक टोक हनुवटीखाली घट्ट दाबलं, दुसरं छातीशी ओढलं आणि तशीच मान ताठ ठेवून, जमिनीला टेकू न देता, सावकाश घडी घालू लागली.