बांध न कोरणारा शेजारी

टेरेन्समामाचं बावखल टेरेन्समामाचं नव्हतंच, असं मागच्या महिन्यात कागदोपत्री सिद्ध झालं. ते आपण सोडून देऊ. तसं काही झालंच नाही. मामाही तसंच धरून चाललाय, आणि त्याच्या घरात राहून मी वेगळं धरणं बरं दिसत नाही.

तर टेरेन्समामाचं बावखल.

बावखल म्हणजे आमच्या वसईकडे वाडीत खणलेलं गोड्या पाण्याचं तळं. मामा इकडं परदेशात, मिसिसागा शहरात, विमानतळाजवळच्या गोदामात बावीस वर्षं खोकी उचलत होता. चार वर्षांपूर्वी त्यानं काँडो, म्हणजे तिथला फ्लॅट, भाड्यानं दिला, पश्चिमेला दोन तासांवर बारा एकर घेतले आणि पहिल्याच उन्हाळ्यात जेसीबीसारखं एक धूड आणून सखल कोपऱ्यात बावखल खणलं. कोपरा बांधाला लागून होता. बांध म्हणजे दगडांची एक लांबलचक रांग. तिला बांध मामानंच ठरवलं. कारण दोन शेतांच्या मध्ये दगड असतील तर तो बांधच असणार, यात विचारायचं काय?

बांधापलीकडे एनोस ब्रुबाकर. हा मेनोनाइट, म्हणजे साधेपणानं राहणाऱ्या एका जुन्या ख्रिस्ती पंथातला. मेनोनाइटांतही प्रकार असतात. काहींकडे मोटारी आहेत, काहींकडे वीज. एनोसचा प्रकार सगळ्यांत जुन्या वळणाचा. वीज नाही, फोन नाही, ट्रॅक्टर नाही. काळी हॅट, घोडे, पवनचक्कीवर चालणारा पंप, आणि तळघरात जाम-लोणच्यांच्या इतक्या बाटल्या की जग बुडालं तरी त्याला टोमॅटो कमी पडणार नाहीत.

मामाला हा माणूस फार आवडतो. म्हणून मामा त्याच्यावर दुर्बीण लावून बसतो.

"आज परत सोडला," मामा बोलला. ऑगस्टची सकाळ होती. जुलैच्या मध्यापासून पावसाचा थेंब नव्हता, आणि एनोसच्या नांगरामागून उठलेली धूळ आमच्या कारल्यांवर येऊन बसत होती.

"काय सोडला?" रोझलिनमामीनं मांडवाखालून विचारलं. ती कारली खुडत होती. एक खुडायची, वाकडं निघालं की मामाकडं बघायची.

"बांध. दोन घोडे जुंपले, नांगर घेऊन आला, बांधापासून दहा पावलं लांब थांबला नि वळला."

"मग बरं हाय की."

"बरं काय? अगो, शेजारी बांध कोरतो. यंदा वीतभर, पुढच्या साली हातभर. आपल्या बापानं त्यांचा कोरला, त्यांच्या बापानं आपला. हा माणूस चार वर्षांत बोटभर पुढं सरकला नाय. उलटा दहा पावलं मागं."

"चांगला माणूस असेल."

"एवढा चांगला कोण असतो? थोडं थोडं खाणारा चोर समजतो मला. हा खातच नाय. म्हणजे याचा प्लॅन मोठा हाय."

"तुझा प्लॅन काय तो सांग," मामी बोलली. "हे बघ, सप्टेंबरात काँडोवाला भाडेकरू विचारणार, राहू का जाऊ. ही दोन एकर कारली-शिराळी हाताला लागली तर त्याला राहा बोलेन. नाय लागली तर चावी घेऊन मी मिसिसागाला चालली. तू बस इथं घोडे मोजत."

म्हणजे सगळं येऊन थांबलं होतं बावखलावर. विहिरीचं पाणी घरापुरतंच. मांडवाला पाणी होतं ते बावखलाचं, आणि ते दर दिवशी चार बोटं उतरत होतं.

खरं तर मामाचा संशय मे महिन्यातल्या वादळापासून पिकत आला होता. तेव्हा चार दिवस लाईट नव्हती. आमचा पंप मेला, फ्रीझर मेला, माझा लॅपटॉप मेला. दुसऱ्या दिवशी मामा माणुसकी म्हणून एनोसला सांगायला गेला, "लाईट गेली."

एनोसनं विचारलं, "कुठं?"

मग त्यानं बग्गीवर दुधाचे दोन मोठे कॅन भरून आम्हाला पाणी आणून दिलं. वर एक रुबार्बचा पाय, म्हणजे आंबट देठांचं गोड सारण भरून भट्टीत भाजलेली जाड पोळी, त्याच्या बायकोनं, लोव्हिनानं, केलेली. मामा दोन दिवस त्याचं कौतुक करत फिरला. "राजा माणूस. कुणाच्या वायरीला बांधलेला नाय. आपण बघ, एक खांब पडला नि आपण पडलो." तिसऱ्या दिवशी मात्र पाय संपला. "लाईट गेलेली याला खरंच कळलं नाय," मामा बोलला, "का कळून दाखवत नाय?"

आणि त्याच्याही आधीचं म्हणजे बर्फ. एनोसच्या घरी फ्रीज नाही. तो हिवाळ्यात तळ्यातला बर्फ करवतीनं कापून भुशात पुरून ठेवतो, तो थेट सप्टेंबरपर्यंत पुरतो. त्यासाठी दर जानेवारीत एनोस आमच्या दारात येतो, हॅट काढतो आणि विचारतो, "तुझ्या तळ्यातला बर्फ कापू का?" मामा जरा वेळ विचार केल्यासारखं करतो. मग परवानगी देतो, अटींवर. कडेनं कापायचा, मधला नको. यंदा दीडशेच लाद्या. तो गेला की मामा दार लावून मामीला म्हणायचा, "बघितलंस? पाणी चोरतो. घट्ट करून."

तर नांगर दहा पावलांवरून वळला आणि मामाचा धीर सुटला. "मोजणी आणतो," तो बोलला. "हा बांध खाईल त्याच्या आत कागद पक्का झाला पाहिजे."

"नको आणू," मामी बोलली. फार पटकन बोलली. मला ते तेव्हाच खटकायला हवं होतं.

मोजणीवाली आली. मिशेल तिचं नाव. तिनं तिपाईवर यंत्र लावलं, दिवसभर इकडून तिकडं चालली, आणि दुपारी नारिंगी रिबनी बांधलेल्या खुंट्या ठोकायला लागली. खुंट्या दगडांच्या रांगेवर पडेनात. त्या आमच्या बाजूला पडायला लागल्या. बावखलाच्या आमच्या बाजूला. बावखल पलीकडं राहिलं, सगळंच्या सगळं. अलीकडं राहिली एक बादली.

"बाई, मशीन उलटं धरलंय का बघ," मामा बोलला.

"नाही, सर," मिशेल बोलली.

"एकदा फिरवून तर बघ."

तिनं बिचारीनं फिरवून बघितलं. बादली आमचीच निघाली.

मामानं पाइप गुंडाळून ठेवला. दुसऱ्याच्या पाण्याला हात लावायचा नाही, तेवढा तो सरळ आहे. आता एनोस येईल, बोलेल, पंप उचल म्हणेल, म्हणून तो दारात खुर्ची टाकून बसला. एक दिवस गेला. दोन गेले. एनोस आला नाही. कारल्याची पानं कडेनं पिवळी पडून खाली वाकली, शिराळ्यांची फुलं हात लावला की गळायला लागली. मातीला अशा भेगा गेल्या की मामीचं खुरपं एकीत मुठीपर्यंत उतरलं.

"बघितलंस कसा छळतो?" मामा बोलला. "येतच नाय."

"जा नि बोल त्याच्याशी," मामी बोलली. "उद्यापासून पाणी नाय तर मी बॅगा काढते. खोटं नाय बोलत."

मामानं रविवारी चर्चमध्ये मिस्साला घालतो तो शर्ट घातला आणि गेला. अर्ध्या तासानं परत आला तेव्हा त्याचा चेहरा पाकीटमाराच्या हातात स्वतःचंच पाकीट सापडल्यासारखा होता. एनोसचं बोलणं इंग्रजीत, तेही जर्मन हेलाचं. पण मामानं जसं सांगितलं तसंच देते. मामाच्या तोंडून एनोसही वसईचाच होतो.

"मी बोल्लो, एनोस, सर्व्हे झाला. तो बोल्ला, बघितलं, रिबन छान हाय. मी बोल्लो, बावखल तुझ्याकडं आलं. तर बोल्तो, आधीपासून इकडंच हाय."

"मग?" मी विचारलं.

"मी बोल्लो, तुला म्हायती होतं? तर बोल्तो, म्हायती होतं की. ते दगड माझ्या बापानं शेतातून वेचून टाकलेले, तो ढीग हाय, बांध नाय. मी बोल्लो, अरे मग मी मशीन आणून खणत होतो तेव्हा तू कुंपणाला टेकून उभा होतास ना? बोल्ला का नाय?"

"काय बोल्ला?" मामीनं विचारलं.

मामानं शर्टाचं वरचं बटण सोडलं. "बोल्ला, तू लय खूश दिसत होतास."



"मी बोल्लो, मग दर जानेवारीला माझ्या दारात येऊन बर्फाची परवानगी कशाला मागतोस? तर बोल्तो, जमीन माझी, पण खड्डा तुझा. बर्फ खड्ड्यातला. विचारायला नको?" मामा थांबला. "आणि मी त्याला दीडशेच लाद्या बोल्लो होतो गं. मोजून घेतल्या होत्या मी. उभं राहून."

"नि ती दहा पावलं?" मामीनं विचारलं.

"गवत सोडतो तो तिथं. नांगरलं तर माती वाहून तुझ्या पाण्यात उतरेल, बोल्ला. तुझ्या पाण्यात."

"म्हणजे पाणी देतो?"

"घे की, बोल्ला. मी बोल्लो, कागद कर. बोल्तो, कागद कशाला, तू हायस, मी हाय. मी बोल्लो, मग कोर्टात तरी जा. तर बोल्तो, आमच्यात कोर्टात जात नाय. मी बोल्लो, बाबा, निदान भांड. बोल्ला, तेही नाय."

मी पाइप सोडला. पंप खोकला, धरला, आणि पहिल्या रांगेतली भेग पाणी पीत राहिली, पीत राहिली, मग हळूच मिटली. मामा तिच्याकडं बघत उभा होता.

"रोझलिन," तो बोलला, "तुला याच्यातलं काय म्हायती नव्हतं ना?"

मामी पाण्याला वाट करून देत होती. "लोव्हिना बोल्ली होती."

"कधी?"

"पहिल्याच साली. तेव्हाही तिनं एक पाय पाठवलेला, त्याचं ताट परत करायला गेली तेव्हा."

"चार वर्षं? नि मला सांगितलं नाय?"

"सांगितलं असतं तर तू मोजणी आणली असतीस," मामी बोलली.

कारली चौथ्या दिवशी उठली. वाकडी निघाली, पण निघाली. मिसिसागाच्या ग्रोसरीत वाकडीला सरळीइतकीच मागणी असते. मामीनं भाडेकरूला फोन करून राहा म्हणून सांगितलं. म्हणजे जिंकलोच आम्ही. फक्त मामा जिंकल्यासारखा दिसेना. माणूस खातो-पितो, पाणी सोडतो, आणि मध्येच फावडं टेकून पलीकडं बघत राहतो. दुर्बीण त्यानं बंद केली. दुर्बिणीतून आता काहीच संशयास्पद दिसत नाही, आणि त्याचाच त्याला सगळ्यांत जास्त संशय येतो.

परवा त्यानं मला कागद घेऊन बसवलं. टाउनशिपला, म्हणजे इथल्या ग्रामपंचायतीला, अर्ज करायचा होता. मी म्हटलं, इंग्रजीत लिहिते. तो बोलला, "इंग्रजीत सगळे थँक यू, थँक यू करतात. अर्ज मराठीतच लिही. वाचता आला नाय तरी कळेल त्यांना, माणूस सिरियस हाय." त्यानं सांगितलं तसं मी लिहिलं, मामानं खाली सही केली, आणि काल तो पोस्टात पडला.

प्रति, मा. टाउनशिप कार्यालय.

विषय: शेजाऱ्याकडून हरकत मिळणेबाबत.

महोदय, अर्जदार हा सदर इसमाच्या जमिनीत गेली चार वर्षे बेकायदा पाणी साठवून असून, इसमाने अद्याप एकही शिवी, नोटीस अथवा वाकडा शब्द दिलेला नाही. तोंडी मागणी करूनही तो देत नाही. त्यामुळे अर्जदारास रात्रंदिवस उपकाराखाली राहावे लागत असून शेतीच्या कामावर परिणाम होत आहे. तरी कार्यालयाने सदर इसमास अर्जदाराविरुद्ध किमान एक हरकत, शक्यतो रागाने, येत्या हिवाळ्यापूर्वी नोंदवण्याचे लेखी आदेश द्यावेत. इसमाकडे फोन नसल्याने आदेशाची प्रत अर्जदार स्वतः नेऊन देईल व वाचूनही दाखवील. इसमाने तरीही नकार दिल्यास, त्याच्या वतीने अर्जदाराशी भांडण्यासाठी कार्यालयाने एका जबाबदार अधिकाऱ्याची कायमस्वरूपी नेमणूक करावी, ही नम्र विनंती.